ब्रॉन्झचं घड्याळ काळवंडलं? आंबट लावा, पण मीठ नको

आखाजी (अक्षय्य तृतीया) जवळ आली की जळगाव-भुसावळकडे मनगटावर काही बांधणंच नकोसं होतं. पारा ४५च्या आसपास, पट्ट्याखाली घामाची चिकचिक, आणि घड्याळ ब्रॉन्झचं असेल तर बघता बघता त्याचा रंग ओळखू येत नाही. नवं असताना तांबूस-सोनेरी असलेली बॉडी आधी तपकिरी, मग चॉकलेटी होते, आणि पट्टा जिथे अडकतो त्या खाचांत हिरवी पूड साठते. मग घरातलं कोणीतरी सांगतंच, "लिंबू-मीठ लाव, देवाच्या तांब्यासारखं लख्ख निघेल."

लिंबू चालेल. मीठ मात्र लावू नका. पहिल्यांदाच ब्रॉन्झचं घड्याळ घेतलेल्यांनी या लेखातून एवढी एक गोष्ट घेतली तरी घड्याळ वाचेल. बाकीचं सगळं हळूहळू जमतं.

मीठ का नको, ते आधी समजून घ्या. घड्याळाचं ब्रॉन्झ बहुतेक वेळा तांबं आणि कथिल यांचं असतं. सर्रास वापरला जाणारा प्रकार म्हणजे साधारण ९२ टक्के तांबं आणि ८ टक्के कथिल. एवढं तांबं असल्यावर ते तांब्यासारखंच वागणार. हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन आधी लालसर-तपकिरी, पुढे काळपट थर बसतो. हा थर घट्ट असतो आणि खालच्या धातूला सांभाळतो. ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड यांच्यामुळे हिरवट थर येतो. आणि घामातलं मीठ लागलं की तांब्याचे क्लोराइड तयार होतात. यातला शेवटचा प्रकार त्रासदायक आहे. फटीत अडकलेला क्लोराइड ओलावा आणि हवा मिळाली की पुन्हा आम्ल तयार करतो, ते आम्ल आणखी तांबं खातं, आणि हे चक्र थांबत नाही. वस्तुसंग्रहालयांत जुन्या मूर्तींची देखभाल करणारे याला ब्रॉन्झ डिसीज म्हणतात.

लिंबात मीठ घातलं की डाग झटपट निघतो, हे खरं आहे. क्लोराइडमुळे तांब्यावरचा थर लवकर विरघळतो. कानबाईच्या सणाआधी आपल्याकडे तांब्या-पितळेची भांडी अशीच निघतात आणि त्यात काही चूक नाही. पण तांब्या आतून-बाहेरून सरळ असतो, बादलीभर पाण्यात धुतला जातो, मीठ उरायला जागाच नसते. घड्याळात चावीच्या बुडाशी फट, बेझेलखाली (काचेभोवतीच्या कड्याखाली) फट, मागच्या झाकणाच्या आट्यांत फट, पट्ट्याच्या पिनांची भोकं. तिथे गेलेलं मीठ बाहेर काढणं घरी शक्य नाही. म्हणून काम पाच-दहा मिनिटं लांबलं तरी चालेल, पण बिनमिठाचंच करा.

काढायचं का, हे आधी ठरवा

तपकिरी, एकसारखा बसलेला थर हा बिघाड नाही. बरेच जण ब्रॉन्झचं घड्याळ त्यासाठीच घेतात. १९८०च्या दशकात घड्याळांचे डिझायनर जेराल्ड जेन्टा यांनी ब्रॉन्झचं घड्याळ केलं होतं, पण २०११मध्ये पानेराई कंपनीचं ब्रॉन्झ घड्याळ आलं आणि तिथून ही आवड पसरली. त्या घड्याळांचं आकर्षण हेच होतं, की प्रत्येकाच्या मनगटावर रंग वेगळा चढतो. माझं मत विचाराल तर तपकिरी राहू द्या, हिरवं काढा. हिरवी पूड कपड्याला लागते, कातडीला लागते आणि फटींत ओलावा धरून ठेवते. संपूर्ण नव्यासारखं हवंच असेल तर तेही होतं, पण खानदेशच्या उन्हाळ्यात तो नवेपणा फार दिवस टिकत नाही, हे मनात धरूनच सुरुवात करा.

दुसरी खात्री घड्याळ खरोखर ब्रॉन्झचं आहे का याची. बाजारात ब्रॉन्झच्या रंगाचा मुलामा दिलेली स्टीलची घड्याळंही मिळतात. त्यांना लिंबू लावून काही उपयोग नाही, आणि घासलं तर मुलामा जाऊन खालचं पांढरं स्टील दिसतं. मागच्या झाकणावर 'स्टेनलेस स्टील' लिहिलेलं दिसलं म्हणून घड्याळ स्टीलचं ठरत नाही. खऱ्या ब्रॉन्झच्या घड्याळालाही मागचं झाकण बहुधा स्टीलचं किंवा टायटॅनियमचं असतं, कातडीला हिरवं लागू नये म्हणून. लोहचुंबकानेही निकाल लागत नाही, कारण घड्याळातलं स्टीलही चुंबकाला फारसं चिकटत नाही. सोबत आलेलं कार्ड वाचा. ते नसेल तर कडेचा एखादा ओरखडा भिंगातून बघा. ओरखड्याच्या आत तांबूस रंग दिसला तर ब्रॉन्झ, पांढरा दिसला तर मुलामा. वर्षभर घामात वापरूनही रंग तसूभर बदलला नसेल तर तोही मुलाम्याकडेच इशारा आहे.

काही घड्याळांत कथिलाऐवजी ॲल्युमिनियम असलेलं ब्रॉन्झ वापरतात. ट्युडर कंपनीचं २०१६चं ब्लॅक बे ब्रॉन्झ असं आहे. त्यावर थर हळू चढतो आणि हिरवं कमी येतं. तो थर काढायलाही वेळ जास्त लागतो. अशा वेळी लिंबाचा जोर वाढवायचा नाही, फेऱ्या वाढवायच्या.

पाणी कुठवर चालेल

मागच्या झाकणावरचा आकडा बघा. ३० मीटर किंवा ३ एटीएम लिहिलं असेल तर याचा अर्थ घड्याळ तीस मीटर खोल नेता येतं असा नाही. हात धुताना उडालेले थेंब सोसतं, एवढाच. असं घड्याळ नळाखाली धरू नका, सगळं काम ओल्या कापडाने आणि कानात घालायच्या कापसाच्या काडीने करा. १०० मीटर किंवा जास्त असेल आणि चावी फिरवून घट्ट बसणारी असेल तर नळाची बारीक धार चालते. मात्र आतल्या रबरी रिंगा वर्षांनुवर्षं बदललेल्या नसतील तर आकड्यावर विश्वास ठेवू नका, तेही घड्याळ ३० मीटरचंच समजा. चावी पूर्ण दाबलेली आहे ना, हे बोटाने तपासून मगच पाण्याजवळ जा.

पाणी साधं किंवा किंचित कोमट घ्या. गरम पाण्याने रबर सैल पडतं आणि काचेच्या आत वाफ धरू शकते.

पट्टा उतरवा, मग धुवा

चामड्याचा पट्टा आंबट पाण्यात खराब होतो, म्हणून तो आधी उतरवायचा. पट्ट्याच्या पिना काढायचं दुतोंडी हत्यार घड्याळवाल्याकडे स्वस्तात मिळतं. सुईने किंवा पेचकसने प्रयत्न केला तर बॉडीवर ओरखडा ठरलेला. पिना उडतात, म्हणून ताटात सुती कापड पसरून त्यावर काम करा आणि निघालेल्या पिना वाटीत ठेवा.

आता आंबट काहीही लावण्याआधी घड्याळ साबणाने धुवा. हे सोडून थेट लिंबावर जाणारे पुष्कळ असतात. जो काळेपणा पॅटिना, म्हणजे धातूवर आपोआप चढलेला थर, वाटतो, त्यातला बराचसा घाम, धूळ आणि सनस्क्रीन यांचा मळ असतो. सराफांकडे दागिने रिठ्याच्या पाण्यात धुतात, तोच उपाय इथे उत्तम. दोन-तीन रिठे रात्री भिजवा, सकाळी कुस्करून पाणी गाळून घ्या. रिठे नसतील तर भांडी धुवायच्या लिक्विडचा एक थेंब वाटीभर पाण्यात पुरे. लहान मुलांचा मऊ टूथब्रश घ्या. चावीच्या दात्यांतून, बेझेलच्या कडेने, पिनांच्या भोकांतून हलक्या हाताने फिरवा. खाचांतली हिरवी पूड ओली झाली की लाकडी टूथपिकने उकरा. धातूची टोकदार वस्तू नको.

धुऊन, पुसून घड्याळ उजेडात धरा. अनेकांचं काम इथेच संपतं. हिरवं गेलेलं असतं आणि उरतो तो एकसारखा तपकिरी रंग. तो आवडला तर पुढे वाचायचीही गरज नाही.

आंबट लावणे

घरात चार-पाच पर्याय असतात, पण ते सारखे नाहीत.

लिंबाचा रस सर्वात सोपा. गाळून घ्या, तेवढंच पाणी मिसळा. लिंबू महाग झालेलं असेल तर किराणा दुकानातलं लिंबूसत्व घ्या, एक छोटा चमचा कपभर पाण्यात. हे मला जास्त पसंत, कारण प्रत्येक वेळी जोर सारखा राहतो आणि रसाचा चिकटपणा नसतो. पांढरं व्हिनेगरही चालतं. त्यात साधारण ४-५ टक्के ॲसेटिक आम्ल असतं. वास उग्र असतो, म्हणून खिडकी उघडी ठेवा.

चिंचेचं एक वेगळेपण आहे. तिचा कोळ घट्ट असतो. लावला तिथेच राहतो, ओघळून चावीकडे जात नाही. पाण्याची भीती असलेल्या घड्याळाला हाच उपाय बरा. पण आपल्या घरातली वर्षाची चिंच मीठ लावून भरलेली असते, आणि दुकानातलीही पुष्कळदा तशीच. म्हणून चाखून बघा. खारट लागली तर ती आमटीला ठेवा, घड्याळाला नको. हाच नियम टोमॅटो केचपला. त्यात व्हिनेगर असतं म्हणून डाग निघतो, पण मीठही असतं.

ताकाने काम होतं, पण फार हळू, आणि लोण्याचा अंश फटींत अडकतो. ते सोडून द्या.

घड्याळाला हात लावण्याआधी काशाच्या एखाद्या जुन्या वाटीच्या बुडावर प्रयोग करा. कासं हेही तांबं आणि कथिलच, फक्त कथिल जास्त. रस लावल्यावर रंग किती वेळात बदलतो, कसा बदलतो, याचा डोळ्याला अंदाज येतो आणि हातही बसतो.

मग घड्याळ. कापसाची काडी रसात बुडवून वाटीच्या काठावर निथळवा. ओलसर हवी, टपकणारी नको. पट्टा अडकवायच्या शिंगांपैकी एकाच्या मागच्या बाजूने सुरू करा, म्हणजे काही बिनसलं तरी ते समोरून दिसणार नाही. काडी घासू नका, नुसती फिरवत राहा. अर्ध्या मिनिटात तपकिरी थर पातळ होऊ लागतो, खालून नारिंगी छटा वर येते. काडीचा कापूस बघा, तो आधी मळकट तपकिरी आणि मग फिकट निळसर-हिरवा होतो. तो निळा-हिरवा रंग म्हणजे विरघळलेलं तांबं. दोन-तीन मिनिटं झाली की थांबा, ओल्या कापडाने पुसा, बघा. हवं तर पुन्हा एक फेरी. चार छोट्या फेऱ्या एका लांब फेरीपेक्षा चांगल्या, कारण कुठे थांबायचं हे तुमच्या हातात राहतं.

घड्याळ रसाच्या वाटीत बुडवून ठेवू नका. पाणी आत जाण्याचा धोका तर आहेच, शिवाय जास्त वेळ आम्लात राहिलेलं ब्रॉन्झ गुलाबी पडतं, कच्च्या तांब्यासारखं दिसू लागतं. थोडी गुलाबी झाक आलीच तर घाबरू नका, पुढे सोड्याने ती बरीचशी जाते. वापरलेल्या रसात लोखंडी चिमटा किंवा चमचाही नको. त्या रसात उतरलेलं तांबं लोखंडावर बसतं आणि तिथून डाग पसरतात. सोनारही आम्लाच्या भांड्यात लोखंडी चिमटा घालत नाहीत.

आणि ही वाटी पुन्हा स्वयंपाकात नको. पितळेत ठेवलेलं ताक कळकतं ते याच कारणाने, आम्लात तांबं उतरतं आणि ते पोटात जाणं वाईट. एखादी टाकाऊ प्लास्टिकची वाटी घ्या आणि काम झाल्यावर हात साबणाने धुवा.

सोडा आणि शेवटचं पाणी

नवखे इथेच घाई करतात. डाग गेला, घड्याळ चमकलं, नळाखाली धरलं, पुसलं, हातात घातलं. आठवड्याने त्याच खाचांत पुन्हा हिरवं, आधीपेक्षा जास्त. आत राहिलेलं आम्ल काम करत असतं.

म्हणून खायचा सोडा, एक छोटा चमचा कपभर पाण्यात. मऊ ब्रशने सगळीकडे लावा, विशेषतः चावीच्या बुडाशी आणि पिनांच्या भोकांत. तिथे बारीक बुडबुडे आले तर समजा आम्ल शिल्लक आहे. बुडबुडे थांबेपर्यंत पुन्हा पुन्हा लावा. गुलाबी झाक असेल तर सोड्यात पाण्याचे चार थेंब घालून लेप करा आणि बोटाच्या टोकाने हलका चोळा. सोडा किंचित घासतो, म्हणून चकचकीत भागावर जपून आणि रेषा असलेल्या भागावर रेषेच्याच दिशेने. धुण्याचा सोडा मात्र वापरू नका. तो फार तीव्र असतो आणि बेझेलवर ॲल्युमिनियमची रंगीत चकती असेल तर तिचा रंग उडवतो.

यानंतर साध्या पाण्याने, आणि शेवटी क्षार नसलेल्या पाण्याने धुवा. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे ठिपके वाळल्यावर ब्रॉन्झवर उठून दिसतात. गॅरेजमध्ये बॅटरीत टाकायचं पाणी बाटलीत मिळतं, ते यासाठी उत्तम. बॅटरीचं आम्ल नव्हे, पाणी. बाटलीवरचं लेबल वाचूनच घ्या. ते नसेल तर घरच्या आरओ फिल्टरचं पाणी घ्या.

जुन्या मऊ सुती कापडाने टिपून घ्या, फटींत कापडाचं टोक घाला आणि घड्याळ तासभर पंख्याखाली ठेवा. गच्चीवर उन्हात नको. मे महिन्यात तापलेल्या पत्र्यावर रबर आणि आतलं तेल दोन्ही बिघडतं. केस वाळवायचं मशीनही नको.

काय टाळायचं

टूथपेस्ट आणि भांडी घासायच्या पावडरी यांत बारीक दाणे असतात. काळेपणा जातो, पण कंपनीने दिलेलं फिनिशही जातं, आणि काचेवरचा चमकविरोधी थर खरवडतो. राख आणि रांगोळीबद्दल वेगळं सांगायला नको.

अमोनिया असलेली काच-पुसणी द्रव्यं आणि धातूची पॉलिशं टाळा. अमोनिया तांब्याच्या मिश्रधातूंना आतून चिरा पाडू शकतो. ही गोष्ट हिंदुस्थानातच लक्षात आली होती. इंग्रजी फौजेची पितळी काडतुसं पावसाळ्यात घोड्यांच्या पागेत ठेवली जात आणि नंतर ती तडकलेली निघत. घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि काडतूस घडवताना धातूत राहिलेला ताण यांनी ते होत होतं, याचा उलगडा १९२१मध्ये झाला. ब्रॉन्झ पितळेपेक्षा यात टिकाऊ आहे, तरी गोठ्यात रोज काम असेल तर घड्याळ घरी ठेवून जा. तिथल्या हवेने ते निळसर-हिरवंही लवकर पडतं.

ब्लीच तर अजिबात नको, त्यात क्लोरीन असतं. घड्याळ आजोबांचं किंवा संग्राह्य असेल तर यातलं काहीच करू नका. त्यावरचा थर त्याच्या किमतीचा भाग असतो.

नंतर

साफ झालेलं ब्रॉन्झ उघडं असतं, त्यामुळे पहिल्या काही दिवसांत बोटांचे ठसेही त्यावर उमटतात. शुद्ध मधमाशीचं मेण असेल तर बोटावर किंचित घेऊन बॉडीवर अगदी पातळ फिरवा आणि सुती कापडाने पुसून काढा. रंग चढणं त्याने थांबत नाही, पण लांबतं. खोबरेल तेल लावू नका, त्यावर धूळ बसते.

रोजची सवय यापेक्षा जास्त कामाची. संध्याकाळी घड्याळ उतरवल्यावर ओल्या कापडाने पुसा, मग कोरड्याने. घामाचं मीठ रात्रभर राहिलं नाही तर हिरवं धरतच नाही म्हणा ना. उन्हाळ्यात पट्टा रबराचा किंवा कापडी घाला आणि आठवड्यातून एकदा तो सोडवून खाचा बघा. मनगटाला हिरवा डाग लागला तर साबणाने जातो. खाज किंवा पुरळ आलं तर घड्याळ बाजूला ठेवा आणि कातडीच्या डॉक्टरांना दाखवा.

नीट धुऊन, सोडा लावूनही एकाच ठिकाणी फिकट हिरवी भुकटी परत परत उगवत असेल, किंवा काचेच्या आतून धुकं दिसलं, तर घरचे उपाय थांबवा. पहिल्या बाबतीत क्लोराइड फटीच्या आत आहे, दुसऱ्या बाबतीत पाणी यंत्रापर्यंत पोचलं आहे. धुकं दिसल्यास त्याच दिवशी घड्याळवाल्याकडे जा, कारण ओलावा काट्यांना आणि यंत्राला गंज धरवतो. त्यांना मागचं झाकण उघडून वाळवायला, रबरी रिंगा बदलायला आणि पाण्याची चाचणी करायला सांगा. चाचणीचं मशीन सगळ्यांकडे नसतं, ते आधी विचारा.